साठ पोती आणि चार टक्के काच

पहाटे चारला घेतलेल्या प्लॅस्टिकच्या दाण्यांच्या नमुन्याची राख भट्टीतून बाहेर आली तेव्हा पाच वाजले होते. दाणे जाळले की प्लॅस्टिक उडून जातं आणि त्यात मिसळलेली काच उरते, म्हणून राख किती तेवढी काच. वजन केलं, ३३.८ टक्के. हवी होती ३०, दोन इकडे-तिकडे चाललं असतं. क्रुसिबल, म्हणजे राखेची वाटी, डेसिकेटरमध्ये, ओल न लागणाऱ्या बंद भांड्यात, ठेवून पुन्हा तोललं. तेवढंच.

दोनच्या नमुन्यात ३०.१ आलं होतं. लाइन तासाला ५०० किलोने चालू होती. म्हणजे दोन ते पाच या वेळात निघालेला दीड टन माल, २५ किलोची साठ पोती, आता संशयाखाली. मी धावत खाली गेले आणि लाइन थांबवायला सांगितली.

चौदा वर्षं मी कॉन्ट्रॅक्ट कंपाउंडिंगच्या, म्हणजे गिऱ्हाइकासाठी प्लॅस्टिकमध्ये काच, रंग वगैरे मिसळून देणाऱ्या, कारखान्यात क्वालिटी बघते. काय काम करतेस असं कुणी विचारलं की समजावून सांगायला वेळ लागतो, कारण प्लॅस्टिकच्या धंद्यातला हा मधला टप्पा बाहेरून दिसतच नाही. एका टोकाला पॉलिमर, म्हणजे मूळ प्लॅस्टिक, बनवणाऱ्या कंपन्या. त्यांचे प्लँट वर्षाला लाखो टनांचे, दिवसरात्र न थांबता चालणारे. त्यात ग्रेड, म्हणजे मालाची जात, बदलायची तर बदलाच्या काळात अधलामधला माल निघतो, आणि तो पडेल त्या भावाला विकावा लागतो. म्हणून त्यांना मोजक्याच ग्रेड, भरपूर प्रमाणात काढायच्या असतात. दुसऱ्या टोकाला मोल्डर, दाणे वितळवून साच्यात पार्ट बनवणारा. त्याला हवे असतात आठ टन दाणे, काळे, तीस टक्के काच घातलेले, उष्णतेत टिकणारे, तेही पुढच्या महिन्यात. लाखो टनांचा प्लँट आठ टनांसाठी कोण वळवणार? ते आठ टन आम्ही करतो.

यातही दोन तऱ्हा आहेत. काही कंपाउंडर कच्चा माल स्वतः विकत घेतात, स्वतःच्या रेसिपीने माल बनवतात आणि स्वतःच्या नावाने विकतात. आमचं काम बहुतेक टोलवर चालतं. पॉलिमर गिऱ्हाइकाचं, काच गिऱ्हाइकाची, रेसिपीही त्याचीच. आम्ही फक्त किलोमागे प्रक्रियेचा दर लावतो. कापड त्याचं, शिलाई आमची. कधी कधी तर एखादं अ‍ॅडिटिव्ह, गुणधर्म बदलायला घालायचा पदार्थ, नुसत्या नंबराच्या पोत्यात येतं. आत काय आहे ते आम्हाला सांगितलं जात नाही. फक्त सुरक्षेसाठी लागेल तेवढी माहिती मिळते, आणि तेवढी मात्र मी मिळवल्याशिवाय राहत नाही. कारण चुकीची दोन मटेरियल बॅरलमध्ये, यंत्राच्या तापलेल्या नळीत, एकत्र आली तर प्रसंग माणसांवर येतो. पीव्हीसी तापून सुटलेलं आम्ल अ‍ॅसिटल या दुसऱ्या प्लॅस्टिकला लागलं की अ‍ॅसिटल फुटून फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायू सुटतो. म्हणून ही दोन मटेरियल आमच्याकडे एका लाइनवर कधीच चढत नाहीत, लाइन कितीही साफ केलेली असो.

कामाचा गाभा म्हणजे ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडर, माल वितळवून, मिसळून पुढे ढकलणारं यंत्र. एकाच दिशेने फिरणारे, एकमेकांत गुंतून एकमेकांना पुसत जाणारे दोन स्क्रू. ही रचना बायर कंपनीतल्या रुडॉल्फ एर्डमेंगर यांच्या कामातून आकाराला आली, आणि १९५० च्या दशकात जर्मनीतच त्यावर उत्पादनाची यंत्रं बांधली गेली. आजही आम्ही त्याच तत्त्वावर चालतो. स्क्रू अखंड नसतो. शाफ्टवर छोटे छोटे तुकडे ओवलेले असतात. काही माल पुढे ढकलणारे, काही मळणारे, काही उलट्या आट्यांचे, माल अडवून धरणारे. कोणता तुकडा कुठे, यावरच माल नीट मिसळणार की जळणार हे ठरतं.

त्या रात्रीचं पॉलिमर होतं नायलॉन ६६. ते मुख्य हॉपरमधून, यंत्रावरच्या नरसाळ्यातून, जातं आणि साधारण २६० अंशांना वितळतं. काच मात्र तिथून घालायची नाही. न वितळलेल्या दाण्यांबरोबर ती स्क्रूत गेली तर तंतूंचा भुगा होतो आणि स्क्रूही झिजतो. म्हणून पॉलिमर वितळल्यावर, बॅरलच्या मधल्या भागात, साइड फीडरमधून, म्हणजे बाजूने मोजून माल घालणाऱ्या यंत्रातून, काच सोडतात. तीन-साडेचार मिलिमीटरचे तंतू आत जातात आणि एवढं जपूनही दाण्यात त्यांची लांबी मिलिमीटरच्या काही दशांशांवर येते. तेवढ्याच लांबीवर पुढच्या पार्टची ताकद अवलंबून असते. टोकाच्या भोकांतून, म्हणजे डायमधून, प्लॅस्टिकच्या तारा निघतात, पाण्याच्या टाकीतून जातात, कटरमध्ये दाणे होतात. नायलॉन हवेतली ओल ओढतं, म्हणून पोतं आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइलचं, आणि शिवायच्या आधी ओलावा तपासायचा.

त्या रात्री हे सगळं सुरळीत चाललेलं दिसत होतं. काचेच्या फीडरच्या पडद्यावर तीस टक्के, हिरवा दिवा, एकही अलार्म नाही. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, फीडर तर बरोबर दाखवतोय." तो खोटं बोलत नव्हता. फीडर खरंच तसंच दाखवत होता.

असला फीडर स्वतःच्या हॉपरचं वजन किती घटतंय ते बघतो आणि त्यावरून आपला वेग ठरवतो. हॉपर रिकामा होत आला की वरची झडप उघडते, माल भरतो, झडप बंद होते आणि पुन्हा मोजणी सुरू होते. आमच्या झडपेच्या कडेवर काचेचे तंतू अडकून बसले होते. ती पुरती बंदच होत नव्हती. मोजणी चालू असताना वरून काच बारीक धारेने आत झिरपत होती. वजन हवं तेवढं घटत नाही असं फीडरला वाटायचं, म्हणून तो वेग वाढवायचा. जितकी गळती, तितकी जादा काच स्क्रूमध्ये, आणि पडद्यावर आकडा मात्र तीसच.

स्टोअरचा हिशेब काढला. काचेचा साठा रेसिपीच्या हिशेबापेक्षा चाळीसेक किलोने कमी भरला. दुसऱ्याचा माल हाताळताना किलोकिलोचा हिशेब द्यावा लागतो, त्या सवयीनेच राखेच्या आकड्याला दुसरा साक्षीदार मिळाला. मग साठही पोत्यांतून नमुने घेतले. पोत्यांवर क्रमांक असतात, त्यामुळे क्रमाने जाता आलं. पहिली सतरा पोती मर्यादेत होती. अठराव्यापासून आकडा ३२ च्या वर गेला आणि पुढे खाली आलाच नाही. त्रेचाळीस पोती बाजूला काढली, लाल पट्टी लावली.

सकाळच्या बैठकीत एकाने विचारलं, काच जास्तच गेलीय ना, मग माल मजबूतच झाला असेल, गिऱ्हाइकाचं नुकसान काय? हा प्रश्न मला रागाने नाही, नीट बसून सोडवावासा वाटला, कारण ऐकायला तो पटतो. पार्ट होता पातळ भिंतींचा, टोकाला दाबून बसवायच्या क्लिपा असलेला. काच वाढली की माल घट्ट वाहतो, पातळ जागी पोचायला जास्त दाब लागतो. आकुंचन बदलतं, माप बदलतं. क्लिप वाकण्याऐवजी तुटते. तीही कदाचित आज नाही, बसवताना नाही, महिन्यांनी कुठल्यातरी गाडीच्या बॉनेटखाली. तोवर आमच्या पोत्याचा क्रमांक कुणाला आठवणार?

मी गिऱ्हाइकाच्या क्वालिटीच्या बाईंना फोन केला. आकडे, पोत्यांचे क्रमांक, झडपेचा फोटो, सगळं पाठवलं. त्या आधी गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तुम्ही माल पाठवून दिला असता तर मला आत्ता कळलंही नसतं." आमच्याकडून एक सुचवणी होती, तो माल पुन्हा लाइनवर घालून नायलॉन वाढवायचं आणि काच तिसावर आणायची. त्यांनी नकार दिला आणि तो बरोबरच होता. दुसऱ्यांदा स्क्रूतून गेले की तंतू आणखी आखूड होतात. राख तीस भरेल, ताकद भरणार नाही. त्रेचाळीस पोती त्यांनी वेगळ्या लॉट क्रमांकाने घेतली, एका जाड, बिनधोक्याच्या पार्टसाठी. त्या पोत्यांची प्रक्रियेची रक्कम आम्ही लावली नाही.

कंपाउंडर म्हणजे नुसता मधला खर्च, असं खरेदी खात्यातले लोक म्हणतात ते मला मनाला लागतं. २०१८ मध्ये नायलॉन ६६ ची जगभर टंचाई झाली. त्याला लागणारं अ‍ॅडिपोनायट्राइल हे रसायन जगात मोजक्याच प्लँटमध्ये बनतं, तिथे अडचणी आल्या की खालची सगळी साखळी आवळते. तेव्हा नायलॉन ६ किंवा दुसरं पॉलिमर घेऊन, काचेचं प्रमाण आणि स्टॅबिलायझर बदलून, पन्नास-पन्नास किलोच्या चाचण्या कोण काढत होतं? लाखो टनांच्या रिअ‍ॅक्टरवर तेवढी चाचणी होत नाही. ती आमच्यासारख्यांच्या छोट्या लाइनवरच होते. स्क्रू उपसून, गरम असतानाच पितळी ब्रशने घासून, पुन्हा ओवून, एका दिवसात तीन-तीन रेसिपी.

झडपेचं सील आम्ही बदललं. आता पाळी सुरू होताना एक तपासणी असते. काचेचा फीडर बंद ठेवायचा, वरची झडप बंद, आणि पाच मिनिटं नुसतं हॉपरच्या वजनाकडे बघत उभं राहायचं. आकडा हलला नाही पाहिजे. काल रात्री पाच मिनिटांत तो ४० ग्रॅमने वाढला. ऑपरेटरने स्वतःच मला फोन लावला, झडप उघडून साफ केली, आणि लाइन पन्नास मिनिटं उशिरा सुरू झाली.