कोल्हा, कावळे आणि माझे ओले मोजे

फेब्रुवारीत फिलाडेल्फियाला जाऊ नये. गेलात तर निदान कॅनव्हासचे बूट घालून जाऊ नये. "मावशी, बूट बदल," असं भाचा न्यू जर्सीतून निघतानाच म्हणाला होता. मी ऐकते थोडीच! लिबर्टी बेल या ऐतिहासिक घंटेसाठी रांग लावली, तिचा तडा पाहिला, झालं. ब्रॉड स्ट्रीट ओलांडताना कडेला साचलेल्या काळपट बर्फाच्या रेंद्यात उजवा पाय घोट्यापर्यंत गेला.

पेनसिल्व्हानिया अकॅडमी ऑफ द फाइन आर्ट्समध्ये मी शिरले ती ऊब मिळेल म्हणून, कलाप्रेम वगैरे काही नाही. इमारत १८७६ सालची, जिना असा की एरवी फोटोच फोटो काढले असते. पण माझं सगळं लक्ष बसायला जागा शोधण्यात.

एका बाकावर टेकले आणि समोर अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरचं 'द फॉक्स हंट' हे चित्र आलं, १८९३ सालचं. जवळजवळ पावणेसहा फूट रुंद, आणि त्यात बहुतेक नुसता बर्फच. त्या बर्फात रुतत चाललेला एक तांबूस कोल्हा. (आपला कोल्हा वेगळा; हा आपल्या खोकडाचा भाऊबंद.) वरून कावळे उतरतायत, त्यांच्या पंखांनी वरचं आभाळ काळं केलंय. नाव 'कोल्ह्याची शिकार', पण ना घोडे, ना कुत्रे, ना माणूस. शिकारी कावळेच. अमेरिकेच्या मेन राज्यात किनाऱ्यावर कडक थंडीत खायला काही उरलं नाही की भुकेले कावळे थव्याने येतात आणि भुसभुशीत बर्फात पळता न येणारं जनावर गाठतात म्हणे. कोल्हाही उपाशीच बाहेर पडला असणार. डावीकडे काड्यांवर चार लाल फळं, मागे फुटणारी लाट. रक्ताचा थेंब नाही. अजून काहीच घडलेलं नाही, आणि तेच बघवत नाही.

होमर तिथेच, प्राउट्स नेकला, एकटा राहायचा. त्याने म्हणे मेलेला कोल्हा आणि मेलेले कावळे बर्फात मांडून चित्र काढलं. गावच्या स्टेशनमास्तरला दाखवलं, तर त्याला कावळे पटले नाहीत! होमरने ते पुसले, स्टेशनजवळ मक्याचे दाणे टाकून जिवंत कावळे जमवले आणि टेलिग्रामच्या कोऱ्या फॉर्मांवर त्यांची रेखाटनं केली. मला तो स्टेशनमास्तर फार आवडला. रोज कावळे बघणाऱ्याला कोण फसवणार? आमच्या वाड्यात मांजरीच्या डोक्यावर टोचा मारायला टपलेले कावळे मी लहानपणी गच्चीवरून पाहिलेत. पंख अर्धे मिटून ते असेच खाली येतात.

डाव्या कोपऱ्यात होमरची सही आहे, तीही बर्फात बुडाल्यासारखी. ती बघताना मी नकळत उजवा पाय जमिनीवरून उचलून धरला होता.

"मावशी, पार्किंगची वेळ संपली!"

उठले तर बाकाखाली पाण्याचं लहानसं थारोळं. भाच्याने ते पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं, आणि शहाण्यासारखा गप्प बसला.