तुम्ही विचारलंत म्हणून : कोर्टाची पायरी न चढता एटीएम बोलकं होतं का?

बँकेचं अ‍ॅप स्क्रीनरीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) दाद देत नाही, कोपऱ्यावरच्या एटीएमचा आवाज बंद आहे, खटला भरायला ना पैसा ना सवड. मग नुसत्या पत्रव्यवहारातून काही निष्पन्न होतं का? हा प्रश्न अंध मंडळी आणि त्यांच्या घरचे सतत विचारतात. उत्तर आहे, होतं. फक्त विनंती अर्ज आणि वाटाघाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्जाचं काय करायचं ते समोरच्याच्या मर्जीवर असतं. वाटाघाटीला बसताना आपल्या हातात कायदा असतो आणि उठताना सह्या झालेला करार असावा लागतो.

या पद्धतीचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे १९९० मध्ये अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. पुढच्या वर्षीच्या नियमांनी सांगितलं की, एटीएमवरच्या सूचना अंध माणसाला स्वतंत्रपणे वापरता आल्या पाहिजेत. बँकांनी काय केलं, तर बटणांवर ब्रेलच्या पट्ट्या चिकटवल्या. पट्टीवरून बटण कुठलं ते कळतं, पण पडदा आत्ता पिन मागतोय की रक्कम, हे कसं कळणार? पडदा बदलतो, पट्टी बदलत नाही. थोडक्यात, नियम पाळल्याचं समाधान बँकेला आणि पिन दुसऱ्याला सांगायची पाळी ग्राहकाला.

१९९० च्या दशकाच्या मध्यात कॅलिफोर्नियातल्या लेनी फाइनगोल्ड आणि लिंडा डार्डेरियन या वकिलांनी अंधांच्या संघटनेच्या वतीने वेल्स फार्गो, बँक ऑफ अमेरिका आणि सिटीबँकेला पत्रं पाठवली. त्यांनी दावा तयार ठेवला, पण दाखल केला नाही. १ ऑक्टोबर १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये अमेरिकेतलं पहिलं बोलकं एटीएम सुरू झालं. ते एका पतसंस्थेचं होतं. मोठ्या बँकाही मागोमाग आल्या. मार्च २००० मध्ये बँक ऑफ अमेरिकेशी झालेल्या करारात एटीएमबरोबर बँकेची वेबसाइटही आली. इयरफोनची पिन खोचली की मशीन बोलू लागतं, पाचच्या बटणावर उंच ठिपका असतो आणि हवं तर पडदा काळा करता येतो, म्हणजे मागे उभ्या माणसाला आकडे दिसत नाहीत.

या पद्धतीला हे वकील 'स्ट्रक्चर्ड निगोशिएशन', म्हणजे आखीव वाटाघाट म्हणतात. तिची शिस्त पत्रापासूनच सुरू होते. तक्रार कोणाची, नेमकी अडचण कोणती, कुठलं कलम मोडतं आणि उपाय काय, हे सगळं पत्रात असतं. उत्तरासाठी तारीखही दिलेली असते. सूर मात्र धमकीचा नसतो, कारण पत्र आधी कंपनीच्या वकिलाच्या टेबलावर जातं आणि धमकी वाचली की वकील बचावाच्या तयारीला लागतो.

दुसरा कागद म्हणजे बोलणी कोणत्या नियमांनी चालतील त्याचा लेखी करार, आणि नवखे लोक नेमका हाच गाळतात. बैठकीत बोललेलं पुढे कोर्टात वापरायचं नाही, बोलणी चालू असेपर्यंत दावा लावायचा नाही, त्या काळात दावा लावायच्या मुदतीचं घड्याळ थांबवायचं आणि वकिलाच्या फीचाही विषय टेबलावर ठेवायचा, हे त्यात असतं. हे लिहून घेतलं नाही तर कंपनी गोड बोलत वर्ष काढते आणि तोवर दाव्याची मुदत सरलेली असते.

मग बैठका, तज्ज्ञ, चाचणी. तज्ज्ञ दोन्ही बाजूंना मान्य असलेला एकच घेतला तर निम्मी भांडणं टळतात. चाचणी अंध ग्राहकांनी करायची. डोळे मिटून बसलेल्या प्रोग्रॅमरची चाचणी धरायची नाही.

खरी कसोटी असते कराराच्या भाषेची. 'वेबसाइट सुलभ करू' या वाक्याला काडीची किंमत नाही. सॅन फ्रान्सिस्को शहराबरोबर २००७ मध्ये बोलक्या वाहतूक सिग्नलांचा करार झाला, त्यात आकडे होते : अडीच वर्षांत किमान ८० चौक आणि किमान १६ लाख डॉलर. अशा सिग्नलच्या खांबातून बारीक टिक येत राहते, तिच्या मागाने बटण सापडतं. बटणावरचा बाण रस्ता ओलांडायची दिशा दाखवतो आणि चालायची वेळ झाली की थरथरतो. दोन दिशांचे खांब एकमेकांपासून किमान १० फूट दूर हवेत, नाहीतर टिक कुठल्या रस्त्याची ते कळत नाही आणि चुकीच्या रस्त्यावर पाऊल पडतं. इतका बारकावा करारात उतरला नाही तर कंत्राटदार बटण हाताला येणार नाही अशा जागी खांब रोवून मोकळा होतो.

तुलनेला उलटं उदाहरणही घ्या. टार्गेट या दुकानसाखळीच्या वेबसाइटविरुद्ध २००६ मध्ये खटला लागला आणि २००८ मध्ये ६० लाख डॉलरच्या भरपाई निधीवर मिटला. खटला वाईट म्हणून हे सांगत नाही. असे खटले मागे उभे असतात म्हणूनच पत्राला वजन येतं.

आता आपल्याकडचं. सेवा दिव्यांगांना वापरता येईल अशी द्या, असं सांगणारं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४६ सरकारी आणि खासगी अशा दोन्ही सेवांना लागू आहे. संगणकीय सेवांसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. नवी एटीएम बोलकी आणि ब्रेल कीपॅडची असावीत, असं रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०१४ पासून बजावलेलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, सुगम्यतेचे, म्हणजे जागा आणि सेवा दिव्यांगांना वापरता येण्याचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही. एप्रिल २०२५ च्या निकालात केवायसीच्या प्रक्रियेबद्दल २० निर्देश आले. कॅमेऱ्यासमोर पापणी लवल्याशिवाय खातं उघडत नाही, या अडचणीतून ते प्रकरण उभं राहिलं होतं.

अमेरिकेची नक्कल मात्र दोन ठिकाणी अडते. तिथे जिंकणाऱ्या अपंग पक्षकाराच्या वकिलाची फी हरलेल्या बाजूकडून वसूल करता येते, त्यामुळे कंपनी लवकर बोलायला बसते. इथे तसा भरवसा नाही. शिवाय मुदत आपसांतल्या कराराने लांबवणं आपल्या कायद्यात चालत नाही, म्हणून तारखा स्वतःच सांभाळाव्या लागतात. त्या बदल्यात आपल्याकडे दिव्यांग आयुक्त आहेत. महाराष्ट्राच्या आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. त्यांच्या शिफारशीवर काय केलं, हे संबंधित यंत्रणेला तीन महिन्यांत कळवावं लागतं. बँकेच्या बाबतीत आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवस वाट, मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, हा क्रम मोडू नका.

पत्रात 'अ‍ॅप चालत नाही' एवढंच लिहिलं तर 'आमच्याकडे चालतं' एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची, टॉकबॅक या त्यातल्या स्क्रीनरीडरची आणि अ‍ॅपची आवृत्ती, तारीख, पडदा कुठला आणि टॉकबॅक काय बोललं, हे द्या. उदाहरणार्थ : 'पैसे पाठवा' या पडद्यावर रकमेच्या खालच्या तिन्ही बटणांवर नुसतं 'अनलेबल्ड बटण' ऐकू येतं. ओटीपी ३० सेकंदांत संपतो आणि खोका सापडायलाच ४० लागतात, असं असेल तर तेही मोजून लिहा. पाच-सहा ग्राहकांनी एकाच पत्रावर सह्या केल्या तर एकट्याचीच तक्रार आहे, असं म्हणायची सोय राहत नाही. करारात दर नव्या आवृत्तीआधी अंध ग्राहकांची चाचणी ठेवा. दुरुस्त झालेलं अ‍ॅप पुढच्या अपडेटमध्ये पुन्हा मुकं होतं, ही सर्रास घडणारी गोष्ट आहे.

भेटीसाठी शाखेतला साहेब नको, अ‍ॅप बनवणाऱ्या विभागाचा माणूस मागा. फोन बरोबर न्या, टॉकबॅक लावा, पडदा काळा करा आणि त्यांनाच २०० रुपये पाठवायला सांगा.