पिचरच्या पायाची रेघ

गेल्या वर्षी साताऱ्यात सतरा वर्षांखालील मुलींच्या जिल्हास्तरीय सॉफ्टबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मी पहिल्या बेसजवळ पंच म्हणून उभी होते, आणि तिसऱ्या इनिंगमध्ये मला जे स्वच्छ दिसले त्याबद्दल मी अवाक्षर काढले नाही. ही गोष्ट लिहायला मला वर्ष लागले.

दिसले ते असे. एका संघाची पिचर (बॅटरकडे चेंडू टाकणारी खेळाडू), उंच, दमदार हाताची मुलगी, चेंडू टाकताना उजवा पाय पिचिंग प्लेटवरून, म्हणजे पायाखालच्या ठरलेल्या पट्टीवरून, उचलत होती, प्लेटच्या पुढे हातभर अंतरावर तो पुन्हा जमिनीत रोवत होती आणि त्या नव्या जागेवरून दुसऱ्यांदा जोर घेऊन चेंडू सोडत होती. हे सगळे निमिषार्धात उरकते, त्यामुळे प्रेक्षकांना फक्त तिचा वेग दिसतो. मुरमाच्या मैदानावर मात्र त्याचा पुरावा राहतो. योग्य रीतीने टाकणाऱ्या पिचरचा मागचा पाय जमिनीला घासत पुढे जातो आणि प्लेटपासून निघणारी एक सलग, किंचित बाकदार रेघ उमटते, शेतात नांगराचे तास दिसावे तशी. हिच्या बाबतीत प्लेटला लागून एक खरवड होती, मग हातभर कोरी जमीन, आणि पुढे टाच वळवल्यासारखा गोल खड्डा. इनिंग बदलताना मी पिचरभोवतीच्या वर्तुळाजवळून गेले, तो खड्डा पाहिला, आणि माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले.

ज्यांनी हा खेळ फक्त शाळेच्या पटांगणावरून जाता-जाता पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खांद्यावरून नव्हे तर खालून टाकतात. हात पवनचक्कीसारखा पूर्ण फिरतो, चेंडू कमरेच्या खाली सुटतो आणि त्या वेळी मनगट कोपरापेक्षा अंगापासून लांब असून चालत नाही. पिचरच्या पायाखालची प्लेट ६१ सेंटीमीटर लांब आणि सुमारे १५ सेंटीमीटर रुंद असते, तिच्याभोवती २.४४ मीटर त्रिज्येचे वर्तुळ फक्कीने आखलेले असते, आणि महिलांच्या खेळात तिथून होम प्लेटपर्यंतचे, म्हणजे बॅटर उभी असते तिथपर्यंतचे, अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर ठरलेले आहे. पिचरने प्लेटवर उभे राहून दोन्ही हात एकत्र आणायचे, पूर्ण थांबायचे, मग पुढचे पाऊल त्या ६१ सेंटीमीटरच्या पट्ट्यातच टाकायचे आणि जोर घ्यायचा तो प्लेटवरूनच. दुसऱ्या जागी पाय रोवून पुन्हा जोर घेतला तर त्याला क्रो हॉप म्हणतात. कावळा जमिनीवर टुणकन पुढे सरकतो त्यावरून हे नाव पडले असावे असे मला नेहमी वाटते, कारण दिसते ते अगदी तसेच.

हातभराने असा काय फरक पडतो, असे पालक विचारतात. शाळेतली चांगली पिचर ताशी ७० किलोमीटर वेगाने टाकते असे धरले, तर चेंडू सेकंदाला साडेएकोणीस मीटर जातो. तिचा हात सुटतो तो मुळातच प्लेटच्या दीड-दोन मीटर पुढे, म्हणजे बॅटरला मिळतो जेमतेम सहा दशांश सेकंद, आणि त्यातच तिला चेंडू बघायचा, ठरवायचा आणि स्लगर (सॉफ्टबॉलची बॅट) फिरवायचा असतो. अंतर अर्ध्या मीटरने घटले की त्या वेळेतून सेकंदाचा चाळिसावा भाग जातो, आणि दुसऱ्या रेट्याने वाढलेला वेग तो वेगळाच. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडासमोरून चेंडू जात असताना हा हिशेब क्षुल्लक राहत नाही.

आता माझ्या गप्प बसण्याविषयी. सामना अटीतटीचा होता, कठड्यावर दोन्हीकडचे पालक दाटीवाटीने बसले होते, आणि दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांमुळे शालेय स्पर्धेतल्या विजयाला घरोघरी केवढी किंमत आली आहे हे या क्षेत्रातल्या कुणालाही सांगायला नको. होम प्लेटमागचे मुख्य पंच माझ्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठे होते. त्यांनी चूक दाखवायला हात केला नाही, मग मी कशाला करू, असे मी स्वतःला समजावले. खरे तर हा युक्तिवाद लंगडा होता. मुख्य पंचाचे डोळे चेंडू आणि स्ट्राइक झोन, म्हणजे चेंडू जिथून जायला हवा ती बॅटरसमोरची जागा, यांच्यावर असतात. पिचरचे पाय बाजूने बघायची सोय पहिल्या किंवा तिसऱ्या बेसजवळच्या पंचालाच असते. तो निर्णय माझा होता. आणि दोन इनिंग सोडून दिल्यावर तिसऱ्या इनिंगला बोट दाखवले तर पक्षपाताचा आरोप होईल, ही भीतीही होती, जी अगदीच निराधार नव्हती.

त्या मुलीचा संघ जिंकला. पुढे विभागीय स्पर्धेत पहिल्याच इनिंगमध्ये बेसवरच्या पंचाने डावा हात मूठ वळून बाजूला आडवा धरला. चेंडू बेकायदा ठरला, पण चालू खेळ संपेपर्यंत थांबायचे, ही त्या खुणेची भाषा. बॅटरने तो चेंडू मारून पहिला बेस गाठला आणि बाकीच्या धावपटूही एकेक बेस पुढे सरकल्या तर चूक विसरली जाते. तसे झाले नाही तर बॅटरच्या नावावर एक ‘बॉल’, म्हणजे पिचरचा एक चुकलेला चेंडू, किंवा खेळात जे घडले ते मान्य करायचे की नाही याची मुभा फलंदाजी करणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाला. त्या इनिंगमध्ये तो हात चार वेळा आडवा झाला. चौथ्या वेळी मुलीला आपण काय चुकतो आहोत हेच कळेनासे झाले; तिने पाय जपायला सुरुवात केली तशी तिची दिशा गेली, चार-चार बॉल मिळून लागोपाठ दोघी बॅटर चालत पहिल्या बेसवर गेल्या, आणि तिच्या सरांनी तिला बाहेर घेतले. मी त्या दिवशी आमच्या शाळेच्या दुसऱ्या वयोगटाच्या संघाबरोबर तिथे गेले होते. पाण्याच्या टाकीजवळ ती मला भेटली आणि म्हणाली, “मॅडम, जिल्ह्याला तुम्हीच होता की. तेव्हा तर चाललं होतं.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, ती खरोखर विचारत होती. मी तिला पाणी प्यायला सांगितले.

खो-खोच्या मैदानावर हा प्रश्न कुणी विचारत नाही. बसलेली मुलगी ‘खो’ मिळण्याआधी उठली की शिट्टी वाजते, मग तो शाळेतला सराव असो की राज्य स्पर्धा, आणि आठ वर्षांच्या पोरीलाही त्याचे काही वाटत नाही. सॉफ्टबॉल शिकवणारे आम्ही बहुतेक जण मूळचे खो-खो आणि कबड्डीचेच, तरीही हा नियम म्हणजे मोठ्या स्पर्धांचा कायदा आणि तालुक्याला त्याची गरज नाही, अशी आमची समजूत कशी झाली, हे मला कळत नाही. बहुधा कारण असे की पिचर तयार करायला दोन-तीन वर्षे जातात, शाळेत एखादीच धड टाकणारी असते, आणि तिच्या पायावर बोट ठेवले तर दुसऱ्या दिवशी संघच उरत नाही.

“लहान पोरी आहेत, टाकू द्या की मॅडम,” असे एक ज्येष्ठ सहकारी मला अजूनही सांगतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला हात फिरवून चेंडू होमपर्यंत पोचवता आला तरी पुष्कळ. तिथे प्रत्येक चेंडूला हात आडवा करणारा पंच खेळच मारतो. पण न पुकारणे वेगळे आणि न सांगणे वेगळे. इनिंग संपल्यावर तिला आणि तिच्या सरांना बाजूला घेऊन “हे बघ, इथं तुझा पाय पुन्हा रोवला जातोय” एवढे सांगायला नियमपुस्तिका आडवी येत नाही. मी तेही केले नव्हते.

दुसरा आक्षेप मोबाइलवरून येतो. एका पालकांनी मला परदेशातल्या सामन्याची चित्रफीत दाखवली आणि म्हणाले, “तिथं दोन्ही पाय हवेत आहेत बघा, तिथं कोण काय म्हणत नाही.” त्यांनी पाहिले ते बरोबर होते. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय खेळात झेप घेऊन टाकणे पूर्वीपासून चालते, आणि अमेरिकेतल्या महाविद्यालयीन महिला सॉफ्टबॉलने २०२४च्या हंगामापासून दोन्ही पाय हवेत असण्याला मुभा दिली. मात्र तिथेही पाय पुन्हा रोवून दुसरा जोर घेण्याला मुभा नाही. झेप आणि क्रो हॉप यांतला फरक चित्रफीत थांबवून-थांबवून दाखवला तेव्हा त्या गृहस्थांना पटला. मैदानावर पंचाला ती थांबवता येत नाही, ही अडचण आहेच.

आणि एक गोष्ट आपल्या मैदानांची. आमच्याकडे प्लेट म्हणजे पुष्कळदा खिळ्यांनी ठोकलेली रबराची पट्टी, आणि तिच्या पुढे दुसऱ्या सामन्यापर्यंत एक वीतभर खोल खळगा पडतो. त्या खळग्यात पाय मुरगळू नये म्हणून मुली तो ओलांडून टाकतात. ओलांडलेला पाय कुठेतरी टेकणारच, आणि टेकलेल्या पायावर भार देण्याची सवय नकळत लागते. पाय नुसता खळग्यावरून पुढे सरकला तर समजूतदार पंच त्याला हरकत घेत नाही. पण सवय लागल्यावर खळगा नसलेल्या मैदानावरही पाय तसाच पडतो. त्या मुलीच्या शाळेचे मैदान मी नंतर पाहून आले. प्लेटपुढे पावसाचे पाणी साचले होते.

यंदा माझ्या शाळेत मी सरावाआधी दोन घमेली मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसाने ठोकून घेते, आणि प्लेटच्या दोन्ही टोकांपासून होमच्या दिशेने फक्कीच्या दोन रेघा ओढते. पिचरच्या मागच्या पायाच्या चवड्याखाली गोणपाटाचा तुकडा ठेवते. तो तिने पुढे ओढत न्यायचा, मागे राहिला तर चेंडू मोजायचा नाही. आमच्या पिचरच्या उजव्या बुटाचे टोक महिन्याभरात झिजले. तिच्या वडिलांचे पंक्चरचे दुकान आहे. त्यांनी ट्यूबचा तुकडा कापून सोल्युशनने टोकावर चिकटवून दिला, आणि वर मला निरोप पाठवला की एवढे बूट झिजवायचे असतील तर शाळेने घेऊन द्यावेत. आंतरशालेय सराव सामन्यात मी तिच्यावर पहिल्याच इनिंगमध्ये दोनदा हात आडवा केला. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी परक्या शाळेची आहे. पाहुण्या संघाच्या पिचरवर एकदा केला, तेव्हा त्यांच्या सरांनी माझ्याशी चहा होईपर्यंत बोलणे टाकले.

जिल्ह्याची स्पर्धा पंधरा दिवसांवर आली आहे. संयोजकांकडे मी दोन गोष्टी मागितल्या आहेत: वर्तुळाशेजारी मुरमाचा ढीग आणि एक घमेले, आणि प्रत्येक सामन्याला पहिल्या बेसजवळ एक पंच, ज्याने पहिल्या चेंडूपासून पाय बघायचे. मुरूम मंजूर झाला आहे. पंचांचे मानधन कुठून काढायचे, यावर सोमवारी बैठक आहे.