नऊ काड्यांची जुडी

जुलै महिन्यातील त्या सकाळी ठाण्यातील आमच्या अध्यापक विद्यालयात लॅपटॉपसमोर बसून मी शहापूर तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेतला दुसरीचा गणिताचा पाठ पाहत होते. लावणीचे दिवस असल्यामुळे पटावरील १९ मुलांपैकी १२ मुलेच हजर होती. पाठ घेणारी छात्राध्यापिका, म्हणजे शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण घेणारी आमची विद्यार्थिनी, दुसऱ्या वर्षाची होती आणि वजाबाकीतला सर्वांत अवघड टप्पा, म्हणजे दशक सुटा करून केलेली वजाबाकी, तिने स्वतःहून निवडला होता.

असे दुरून निरीक्षण करण्याची वेळ का आली, हे सांगायला हवे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षणाच्या पदविकेच्या) विद्यार्थ्यांना किमान २० आठवडे शालेय आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत राहून अध्यापनाचा सराव, करावी लागते. माझ्याकडे नऊ छात्राध्यापक, आणि त्यांच्या शाळा शहापूर व मुरबाड तालुक्यांत विखुरलेल्या. ठाण्याहून कसारा लोकलने आसनगाव, तेथून एसटी, आणि फाट्यापासून पुढे चालत, असे करून एक पाठ पाहायचा म्हणजे अख्खा दिवस जातो. पूर्वी माझ्या प्रत्येकाकडे जेमतेम दोन फेऱ्या व्हायच्या, आणि त्या दिवशी जो पाठ दिसायचा तो माझ्यासाठी राखून ठेवलेला असायचा. मुलेही पाहुणे आले म्हणून हाताची घडी घालून बसायची. मोबाइलवरून दर आठवड्याला पाठ पाहता येऊ लागला, तसे रोजचे अध्यापन प्रथमच माझ्या नजरेस पडू लागले. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि पालक यांची लेखी संमती घेऊनच आम्ही हे सुरू केले, आणि चर्चा झाली की चित्रफीत पुसून टाकण्याचा नियम आजही कसोशीने पाळतो.

त्या शाळेत रेंज फक्त खिडकीच्या कट्ट्यावर येत असे, त्यामुळे मोबाइल तिथेच ठेवावा लागे. परिणामी मला फळा अर्धाच दिसायचा, पण जमिनीवर बसलेल्या पहिल्या दोन रांगांतील मुलांचे हात अगदी स्पष्ट दिसायचे. १९६३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म अध्यापनाची, म्हणजे मोजक्या मुलांपुढे छोटा पाठ घेऊन एकेक अध्यापनकौशल्य सरावण्याची, पद्धत आकाराला आली तेव्हापासून अध्यापक प्रशिक्षणात कॅमेरा आहे, पण तो बहुधा शिकवणाऱ्याकडे रोखलेला असतो. आम्हीही फलकलेखन, प्रश्नकौशल्य, आवाजातील चढउतार यांनाच गुण देत आलो आहोत. खिडकीतल्या त्या कोपऱ्यामुळे मी वर्षानुवर्षांत प्रथमच पाठभर मुलांच्या हातांकडे पाहत होते, आणि त्याचे मला फार अप्रूप वाटत होते.

उदाहरण बावन्न वजा सत्तावीस असे होते. प्रत्येक मुलासमोर खराट्याच्या काड्यांच्या, रबर लावलेल्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या होत्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक जुडी सोडायची, बारातून सात काढायच्या, मग उरलेल्या चार जुड्यांतून दोन बाजूला ठेवायच्या. पाठ सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील, तोच पावसाची जोरदार सर आली आणि पत्र्यांवरच्या माऱ्यात खोलीतला आवाज पार बुडाला. चित्र मात्र टिकून होते.

पहिल्या रांगेच्या कडेला बसलेल्या एका मुलीने जुडी सोडली, सात काड्या काढल्या आणि उरलेल्या काड्यांकडे ती पाहत राहिली. मग तिने दुसऱ्या जुडीचे रबर काढले आणि एकेक काडी बोटाने सरकवत मोजली. ती पुन्हा बांधली. मग तिसरी सोडली. नंतर बाजूला ठेवलेल्या जुड्याही तिने ओढून घेतल्या. तिचे ओठ हलत होते, पण माझ्यापर्यंत केवळ पावसाचा आवाज येत होता. फळ्यावर पंचवीस हे उत्तर लिहून झाले होते आणि बाकीची मुले ते पाटीवर उतरवत होती.

मी निरीक्षण पत्रकात लिहिले, ‘दहाचा संबोध पक्का नाही. जुडी म्हणजे दहा यावर विद्यार्थिनीचा विश्वास नाही. प्रत्येक वेळी पुन्हा मोजते.’ छात्राध्यापिकेच्या एका कानात इयरफोन होता. पाठ चालू असताना बोलायचे नाही हा माझाच दंडक मोडून मी तिला म्हणाले, “कडेच्या मुलीकडे जा. तिला दशक समजलेले नाही.” ती वाक्य अर्ध्यावर सोडून थांबली, गोंधळली आणि मग त्या मुलीशेजारी जाऊन जमिनीवर बसली. तेवढ्यात चित्र गोठले आणि संपर्क तुटला.

दुपारी शाळा सुटल्यावर तिचा फोन आला. मी माझे प्रत्याभरण, म्हणजे पाठावरचा अभिप्राय, सविस्तर सांगितले. संख्याज्ञानाचा पाया कच्चा असेल तर वजाबाकीकडे वळण्याची घाई करू नये, हेही सांगितले. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले, ‘हो मॅडम’ म्हणाली आणि फोन ठेवण्याच्या बेतात होती. मी सहज विचारले, “मग तुम्ही शेजारी बसलात तेव्हा ती काय म्हणाली?”

थोडा वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, “मॅडम, ती म्हणाली, ‘बाई, ही जुडी नऊचीच हाय.’ आणि ती खरंच नऊची होती. रात्री साठ जुड्या बांधल्या, त्यात माझीच चूक झाली.”

मुलीने सोडलेल्या पहिल्याच जुडीत नऊ काड्या होत्या. नऊ आणि दोन अकरा, त्यातून सात गेल्यावर चार. तिच्यापुढे चोवीस उरत होते आणि फळ्यावर पंचवीस लिहिलेले होते. बाईंचे उत्तर उतरवून मोकळे होण्याऐवजी चूक कुठे आहे हे ती एकेक जुडी सोडून शोधत होती. जुडी दहाचीच असायला हवी, हे त्या वर्गात सर्वांत पक्के तिलाच कळले होते. मला तिचे हात दिसले, पण काड्या मोजता आल्या नाहीत आणि तिचे बोलणे ऐकू आले नाही. तरीही मी तिच्याविषयी ठाम वाक्य लिहून मोकळी झाले. त्याहून अधिक लागली ती छात्राध्यापिकेची गोष्ट. खरे काय ते ठाऊक असूनही, मी विचारले नसते तर, केवळ मॅडम म्हणतात म्हणून तिने ते मनातच ठेवले असते.

मी तिची क्षमा मागितली. पत्रकातील ती ओळ खोडून, शेजारी घडलेले लिहून, खाली सही केली. जुडीची चूक क्षुल्लक आहे, त्या मुलीशेजारी बसून तुम्ही काड्या मोजल्या हा आजच्या पाठाचा सर्वांत चांगला भाग आहे, असेही तिला सांगितले. तेव्हापासून पाठानंतरच्या फोनवर आधी छात्राध्यापकाने बोलायचे आणि ते संपेपर्यंत मी पत्रकात काहीच लिहायचे नाही, असे ठरवले आहे.

दुसऱ्या दिवशी पाठाआधी मी जोडले गेले, तेव्हा खिडकीतून तीच मुलगी दिसली. सगळ्या साठ जुड्या तिच्यासमोर होत्या, आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे ती एकेक जुडी मोजून पुन्हा बांधत होती.