चारच तासांची ड्यूटी, मग थकता कशाने?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पालक हे विचारतात, शिक्षक विचारतात, नात्यातली माणसं तर भेटतील तेव्हा विचारतात. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास, तेही बसून. मग घरी येईपर्यंत कंबर का धरते, आणि जेवतानाच डोळे का मिटायला लागतात? विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. बाहेरून हिशेब चार तासांचाच दिसतो. मी 19 वर्षं शाळेची बस चालवतोय, आणि पहिल्या वर्षी मलाही तो तसाच दिसला होता.

पहाटे 4 ला उठतो, 5 ला गाडीपाशी असतो. टायर, दिवे, वायपर, ब्रेक, आणीबाणीचा दरवाजा आतून आणि बाहेरून उघडतो का, हे सगळं रोज बघायचं. सहाला पहिला थांबा, आठला शेवटचं मूल शाळेत. दुपारची फेरी एकला. मधले पाच तास कागदावर मोकळे असतात. पण घर लांब आणि गाडी शाळेजवळ, त्यामुळे मागच्या सीटवर पाय दुमडून पडायचं. उन्हाने पत्रा तापतो, कोणीतरी काच वाजवतं, एखाद्या वर्गाला अचानक कुठे न्यायचं असतं. त्याला मी झोप म्हणणार नाही. रात्री घरातल्या माणसांसोबत अकरा वाजतातच. वर्षानुवर्षं पाच तासांच्या झोपेवर पन्नास मुलं नेणं ही आमच्या कामातली सगळ्यात मोठी जोखीम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. टायरपेक्षा मोठी, कारण टायर निदान तपासला जातो.

मला हे कळलं ते सहलीच्या दिवशी. सकाळची फेरी करून तीच गाडी सहलीला नेली होती. परत येताना रात्रीचे नऊ वाजले. मुलं झोपली होती, गाडीत शांतता होती. माझ्या रोजच्या रस्त्यावरचं एक वळण आलं आणि माझ्या लक्षात आलं, की त्याआधीचा पूल मला आठवतच नाही. पूल ओलांडला होता हे नक्की, पण तो ओलांडताना मी नव्हतो. ताशी 40 किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदाला 11 मीटर जाते. मी जागा बघून गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि सोबतच्या मॅडमना खरं ते सांगितलं. त्या रागावल्या, पालक फोन करत होते. मी वीस मिनिटं डोळे मिटून बसलो, तोंडावर पाणी मारलं, मग राहिलेले चार किलोमीटर अगदी सावकाश चालवली. आज तसं झालं तर मी तेवढंही चालवणार नाही, दुसरा ड्रायव्हर बोलावीन.

नंतर एका तपासणी शिबिरात डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सलग 17 तास जागं असलेल्या माणसांची चपळता मोजली होती. रक्तात 0.05 टक्के दारू असताना माणूस जितका मंद होतो, जवळपास तितकी ती मंद झाली होती. मी बोटं मोजली. पहाटे 4 ते रात्री 9, बरोबर सतरा. मी आयुष्यात दारूला शिवलो नाही, आणि त्या रात्री माझ्या मागे चव्वेचाळीस मुलं होती. सहलीला दुसरा ड्रायव्हर हवा, हे मागायला त्यानंतर मला सहा महिने लागले. मिळाला. आता सहलीच्या दिवशी सकाळची फेरी मी करत नाही.

आता कंबर. गाडी चालत नसते तेव्हाही इंजिन सीटला हलवत असतं, आणि चालायला लागली की रस्त्याचा प्रत्येक खड्डा माकडहाडातून वर जातो. बसलेल्या माणसाचा मणका सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणाऱ्या हादऱ्यासोबत सगळ्यात जास्त हलतो, आणि जड गाडीचे हादरे बऱ्याचदा नेमके तेवढेच असतात. युरोपात आठ तासांच्या कामात असं कंपन किती चालेल, याची मर्यादा 2002 पासून कायद्यात आकड्याने लिहिलेली आहे. म्हणजे ही काही ड्रायव्हरची कुरकुर नाही, मोजता येणारी गोष्ट आहे. त्यात शाळेच्या रस्त्यावर गतिरोधक जास्त, थांबे जास्त. माझ्या एका फेरीत 22 थांबे आहेत. प्रत्येक थांब्याला क्लच, ब्रेक, हँडब्रेक, आणि दरवाजाकडे कंबरेतून वळणं. डावा गुडघा उजव्याच्या आधी का गेला, हे मला कोणाला विचारावं लागलं नाही.

माझी सीट आधी एका अंगाने दबलेली होती. मी तीन वर्षं खाली चादरीची घडी घालून चालवली, आणि ती चूक होती. घडीमुळे उंची वाढली, पाय पेडलवर टोकाने टेकायला लागले. नवं कुशन आणि धक्का शोषणारं सीट बसवल्यावर दोन महिन्यांत फरक पडला. सीट बदलायला सांगणं म्हणजे लाड मागणं नव्हे, हे नवीन मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो. कुल्ले पार मागे टेकवायचे, क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा, आणि आरसे त्यानंतर लावायचे. आरसे आधी लावले की माणूस आरशासाठी मान वाकडी करून बसतो.

तरी मला सगळ्यात जास्त रजा घ्यायला लागली ती गाडी चालवताना नाही, गाडीतून उतरताना झालेल्या दुखापतीने. पाऊस होता, एका लहान मुलीच्या दप्तराचा पट्टा दरवाजात अडकला, आणि मी माझ्या बाजूने खाली उडी मारली. घोटा मुरगळला, तीन आठवडे घरी. तेव्हापासून तोंड सीटकडे करून उतरतो, दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, कायम टेकलेले. दोन तास बसून आकडलेले पाय ओल्या पायरीवर टाकायचे असतात, हे उतरताना आठवतच नाही.

धुराबद्दल थोडक्यात सांगतो. शाळा सुटायच्या वेळी गाड्या एकामागे एक उभ्या असतात, आणि पुढच्या गाडीचा धूर मागच्या गाडीच्या उघड्या दरवाजातून आत येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, रांगेत इंजिन बंद. उकडतं, पण चालतं.

पाण्याचं बोलायला माणसं लाजतात. मुलं गाडीत असताना ड्रायव्हर उतरून जाऊ शकत नाही, म्हणून आम्ही पाणीच कमी पितो. उन्हाळ्यात इंजिनाशेजारी बसून, पाणी न पिता. माझ्या दोन सोबत्यांना मुतखडे झाले. सोबत असणाऱ्या ताईंचे हाल तर आमच्यापेक्षा जास्त, त्या बोलतही नाहीत. आमची मागणी साधी होती, मधल्या वेळात आम्हाला शाळेतलं स्वच्छतागृह उघडं असावं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2022 मध्ये सुरक्षित, निरोगी कामाची जागा हा मूलभूत हक्क मानला. आमच्यासाठी तो हक्क एका किल्लीत होता. ती आता शिपाईमामांकडे मिळते.

आणि डोकं. माल वाहणाऱ्याचा माल मागून ओरडत नाही. माझं अर्धं लक्ष पुढे असतं आणि अर्धं आतल्या आरशात, कोण उभं राहिलं, कोणी हात बाहेर काढला, कोण रडतंय. आरशात दोन सेकंद बघितलं तर गाडी 22 मीटर पुढे गेलेली असते, जवळजवळ न बघता. म्हणून गाडीत सोबतीला ताई हव्यातच. मुलं सांभाळणं हे वेगळं काम आहे, ते ड्रायव्हरच्या आरशावर टाकू नये. थांब्यावर उतरलेलं मूल बोनेटपुढून गेलं की दिसेनासं होतं. ते पलीकडे दिसेपर्यंत माझा पाय ब्रेकवरून हलत नाही. मागचे लोक हॉर्न वाजवतात. एका फेरीत 22 वेळा हा श्वास धरायचा असतो.

त्याच डॉक्टरांकडून ऐकलेली आणखी एक गोष्ट मला धरून आहे. 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर तपासले होते. गाडी एकच, धूर एकच, तरी हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त होता. कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत असायचे. पुढे त्यांनी गणवेशांची मापंही बघितली, तर ड्रायव्हर मुळातच कमरेने मोठे निघाले. म्हणजे सगळं श्रेय जिन्याचं नाही. पण बसून राहणारा मी आहे, एवढं मला त्यातून लागू पडतं.

माझ्या गाडीला जिना नाही. पण फेरी संपली की चावी काढून शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं असतं, प्रत्येक सीटखाली वाकून बघायचं असतं, कोणी झोपून राहिलंय का. हे मुलांसाठी आहे आणि ते मी कधी चुकवलं नाही. आता पाठीसाठीही करतो. एकदा जाऊन येतो, मग हात वर ताणून पुन्हा एकदा. मागच्या महिन्यात दुसऱ्या खेपेला एक चष्मा सापडला, पहिल्या खेपेला दिसला नव्हता.