माझा प्रोटोकॉल चार वेळा परत आला

सार्वजनिक आरोग्याच्या प्रबंधासाठी विषय निवडताना माझा हिशोब साधा होता. साबणाने हात केव्हा आणि कसे धुवायचे हे आयांना करून दाखवायचं आणि त्यांच्या लहान मुलांचे जुलाब कमी होतात का ते बघायचं. नुसतं निरीक्षण केलं, तर मुळात ज्या घरांत पाणी आणि स्वच्छता बरी असते, तिथेच हातही धुतले जातात. मग फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. म्हणून प्रयोग करायचा ठरवला. इथपर्यंत बरोबर होतं, चुका पुढच्या पानापासून सुरू झाल्या.

प्रोटोकॉलच्या, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्याच्या, पहिल्या मसुद्यात मी लिहिलं: सम तारखेला दवाखान्यात येणाऱ्या आयांना प्रात्यक्षिक, विषम तारखेला येणाऱ्यांना नेहमीची सेवा. तारीख काय कोणाच्या हातात असते! माझ्या मार्गदर्शक मॅडमनी वाचून एकच विचारलं, "नावनोंदणी करणाऱ्या सिस्टरला आजची तारीख माहीत असते ना? मग काळजीत पडलेल्या एखाद्या आईला ती 'उद्या या' म्हणणार नाही कशावरून?" यात लबाडी नाही, उलट चांगुलपणाच आहे. पण त्या चांगुलपणाने दोन गट सुरुवातीलाच वेगळे होतात. क्रम यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखा, असणं ही एक गोष्ट आणि पुढचा क्रम नोंदणी करणाऱ्यापासून लपवणं ही दुसरी, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी दुसरीलाच ब्लाइंडिंग समजत होतो. ब्लाइंडिंग म्हणजे कोण कोणत्या गटात आहे ते कळू न देणं, आणि तो प्रश्न गट ठरल्यानंतरचा असतो. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाच्या चाचणीत संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी गट लिहिलेले बंद लिफाफे वापरले ते पुढचा क्रम लपवण्यासाठीच. तोवर एकाआड एक रुग्ण वाटून घेण्याची पद्धत रूढ होती. म्हणजे माझी चूक निदान जुनी आणि प्रतिष्ठित तरी होती.

मग मीही लिफाफे आणले, चार-चारचे ब्लॉक करून, म्हणजे दर चौघींत दोन-दोन. मसुदा पुन्हा परत. "तीन लिफाफे उघडले की चौथ्यात काय आहे ते मीही सांगेन." ब्लॉकचा आकार बदलता ठेवायचा असतो.

तेही केलं, आणि मग कळलं की लिफाफ्यांचा इथे उपयोगच नाही. हात धुणं ही काही गोळी नव्हे. एकीने शिकलेलं शेजारीण संध्याकाळपर्यंत उचलते, आणि कंट्रोल गटही, म्हणजे ज्याला प्रात्यक्षिक दिलेलं नाही तो, हात धुवायला लागतो. तेव्हा माणसं न वाटता अख्ख्या वस्त्या वाटायच्या, म्हणजे क्लस्टर रँडमायझेशन. याची किंमत सॅम्पल साइजमध्ये, म्हणजे अभ्यासात घ्यायच्या मुलांच्या संख्येत, मोजावी लागली. जुलाबाचं प्रमाण ३० टक्क्यांवरून २० वर येईल असं धरून, ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता पातळीला (फरक नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता) माझा आकडा दर गटात २९१ होता. पण एका वस्तीतली मुलं एकाच नळाचं पाणी पितात, त्यामुळे एकमेकांसारखी असतात. वस्तीमागे २० मुलं आणि त्यांच्यातला सहसंबंध ०.०५ धरला, तर १ + १९ × ०.०५ म्हणजे १.९५ ने गुणायचं. आकडा झाला ५६८, म्हणजे दर गटात २९ वस्त्या. त्या रात्री मी विषय बदलायचा विचार केला, खोटं कशाला सांगू.

चौथ्यांदा मसुदा अडला तो मोजमापावर. प्रात्यक्षिक पाहिलेली आई आपल्या मुलाचे जुलाब थोडे कमीच सांगणार. म्हणून व्याख्या पक्की केली: २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच. विचारायचं गेल्या सात दिवसांपुरतंच, आणि विचारणाऱ्याला वस्ती कोणत्या गटातली ते सांगायचं नाही. आईला मात्र ते माहीत असणारच, त्यावर उपाय नव्हता. ते मर्यादांच्या परिच्छेदात लिहिलं.

एथिक्स कमिटीने विचारलं, चांगली गोष्ट अर्ध्यांनाच का? स्ट्रेप्टोमायसिनच्या वेळी औषधच अपुरं होतं, साबणाबद्दल तसं म्हणता येत नाही. कंट्रोल वस्त्यांनाही अभ्यास संपल्यावर तेच प्रात्यक्षिक देऊ असं लिहून दिलं. नावनोंदणीआधी ट्रायलची नोंद झाली, तो दिवस फॉर्म भरण्यात गेला.

शेवटी एक गंमत. मॅडमचा पहिला प्रश्न क्लस्टरमध्ये पुन्हा समोर आला. वस्तीचा गट आधी जाहीर झाला, तर प्रात्यक्षिकाच्या वस्तीत उत्साही आया जास्त येणार. म्हणून आधी ५८ वस्त्यांतल्या सगळ्या कुटुंबांची नोंद केली आणि मगच, अभ्यासात नसलेल्या एका संख्याशास्त्रज्ञाने संगणकावर वाटणी केली. यादी वाचली जात असताना मी एकाच नावाची वाट बघत होतो. तिथल्या आया फार मनापासून बोलायच्या, आणि तिथे जुलाबही सगळ्यांत जास्त होते.

ती वस्ती कंट्रोलमध्ये गेली.