लग्नाच्या करारातले 22 टक्के

पुतणीचे लग्न न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवरच्या एका हॉलमध्ये ठरले आणि करार वाचण्याचे काम माझ्याकडे आले. जेवण माणशी 150 डॉलर, पाहुणे 180, म्हणजे 27,000 डॉलर. इथपर्यंत सगळे सरळ होते. त्याखाली 22 टक्के प्रशासकीय शुल्क, म्हणजे आणखी 5,940 डॉलर, आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरांत लिहिले होते की हे शुल्क म्हणजे टिप नव्हे, ते वाढप्यांना वाटले जाणार नाही.

वहिनींनी ते दोनदा वाचून घेतले. "भावजी, सहा हजार डॉलर देऊनही वाढणाऱ्या मुलांच्या हातात काहीच पडणार नसेल, तर हे पैसे नेमके कशाचे?" या प्रश्नाला हॉलच्या व्यवस्थापिकेकडेही "सगळीकडे असेच असते" याखेरीज उत्तर नव्हते.

ती बारीक ओळ मात्र हॉलने आपण होऊन घातलेली नाही. पूर्वी असे शुल्क पाहून यजमानाला वाटे की कर्मचाऱ्यांचे देणे झाले, आणि ती रक्कम मालकाकडेच राही. मेजवान्या देणाऱ्या एका बोट कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी दावा लावला, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये असा निर्णय दिला की ग्राहकाला टिप वाटेल अशा रीतीने घेतलेले शुल्क मालकाला स्वतःकडे ठेवता येणार नाही. पुढे 2011 पासून लागू झालेल्या नियमांनी, शुल्क टिप नसेल तर तसे करारात आणि बिलात स्पष्ट लिहिणे बंधनकारक केले. कायद्याने मालकाला खरे बोलायला लावले, याचे मला मनापासून कौतुक वाटते. पण खरे बोलून झाल्यावर 5,940 डॉलर त्याच्याच खिशात राहतात आणि टिपेचा भार पुन्हा वधूपक्षावर येतो, हे मला अजूनही पटलेले नाही. ज्याच्या हाताखाली माणसे राबतात त्याने त्यांना पुरेसा पगार द्यावा, एवढी साधी अपेक्षा इथे कोणी ठेवत नाही. टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी 2.13 डॉलर दिले तरी पुरे, ही केंद्रीय कायद्यातील तरतूद 1991 पासून बदललेली नाही. टिप धरून ताशी 7.25 डॉलरचे किमान वेतन भरले म्हणजे झाले. न्यूयॉर्कमध्ये परिस्थिती पुष्कळ बरी आहे, पण तत्त्व तेच.

मग पाकिटे आली. केशभूषा आणि मेकअप करणाऱ्या मुलींना बिलाच्या 15 ते 20 टक्के, गाडीच्या चालकाला तितकेच, डीजेला साधारण 50 ते 150 डॉलर, फुले आणून मांडणाऱ्यांना माणशी काही रोख; असा तक्ता लग्नाच्या नियोजिकेने पाठवला. प्रत्येक पाकिटावर नाव आणि काम लिहून ती सगळी सकाळीच माझ्या मुलाकडे सोपवली, आणि ज्याचे काम संपले त्याला त्याने ते शांतपणे दिले. कोणी अडून बसले नाही, कोणी हात पुढे केला नाही. आपल्याकडे वरात मंडपाच्या दाराशी आली की बँडवाले नोटांसाठी तिथेच थांबतात आणि मुलाचा मामा खिसे चाचपत राहतो. तो त्रास इथे नाही, हे मान्य केले पाहिजे.

तरीही आपली पद्धत मागासलेली आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे आचाऱ्याला बोलावून टोपी-उपरणे आणि नारळ देतात, पंगतीतले ज्येष्ठ त्याच्या जिलबीची तारीफ करतात, सनईवाल्याला शर्टपीस मिळतो. भांडी घासणाऱ्या बायकांपर्यंत यातले फारसे पोहोचत नाही, हेही खरे. पण ज्याला देतो त्याला चारचौघांत मान मिळतो, आणि माझ्या दृष्टीने हे टक्केवारीपेक्षा मोठे आहे.

वाढप्यांसाठी आम्ही शेवटी वेगळी रोख रक्कम ठेवली आणि ती त्यांच्या हातात दिली. व्यवस्थापकाने कर्मचाऱ्यांच्या टिपा ठेवून घेण्यास 2018 पासून केंद्रीय कायद्याने मनाई आहे, आणि 2025 च्या करकायद्यातील टिपांवरची प्राप्तिकर वजावटही स्वेच्छेने दिलेल्या टिपेलाच मिळते, सक्तीच्या शुल्काला नाही. त्यामुळे थेट देण्यातच त्यांचे हित होते.

छायाचित्रकार स्वतःच व्यवसायाचा मालक असल्याने इथल्या रूढीप्रमाणे त्याला टिप अपेक्षित नव्हती, म्हणून पाकीट केवळ त्याच्या सहायकाला दिले. वहिनींना ते रुचले नाही, पण ज्याने आपला दर स्वतः ठरवला आहे त्याला वर आणखी देणे मला आवश्यक वाटले नाही. गुरुजींची दक्षिणा मात्र आम्ही त्या तक्त्यात धरलीच नाही. नियोजिकेने तिथेही एक आकडा सुचवला होता. तो आम्ही खोडून टाकला आणि दादाने आपल्या मनाप्रमाणे दक्षिणा दिली.